पक्का रंग, पक्की वीज

टेक-फेस्टमध्ये एक स्टॉल हमखास असतो. टी-शर्टवर एलईडीची नक्षी, बाहीच्या आत बटण सेल आणि समोर मोबाईल उगारून उभी असलेली गर्दी. स्विच दाबला की दिवे लागतात, टाळ्या पडतात, परीक्षक खूश! 'वेअरेबल इलेक्ट्रॉनिक्स' असं त्याला भारदस्त नाव असतं. पण एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : हा टी-शर्ट धुवायचा कसा?

प्रश्न घरगुती वाटतो ना? पण मला विचाराल तर या विषयातला खरा इंजिनीअरिंगचा प्रश्न हाच आहे. सुती कापडातून वीज वाहून नेणं आता फार कठीण राहिलेलं नाही. तीच वीज दहाव्या, विसाव्या, पन्नासाव्या धुण्यानंतरही तितकीच वाहिली पाहिजे, हे कठीण आहे. ते का कठीण आहे आणि त्यावर काय उपाय निघाले आहेत, हे या लेखात समजून घेऊ.

सुतीच कशाला?

चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा बाजारात मिळतो. मग कापसाचाच हट्ट का? कारण कापूस अंगाला सोसतो. तो मऊ असतो, घाम टिपतो, गरम पाण्यात धुता येतो. नुसत्या हवेतूनच तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा घेतो. आपल्या हवेत चोवीस तास अंगावर ठेवायचा कपडा म्हणजे सुतीच.

मागच्या मे महिन्यात माझ्या आजोबांना जळगावला होल्टर लावला होता. म्हणजे चोवीस तासांचा ईसीजी. छातीवर जेलच्या चिकट पट्ट्या, त्यांच्यातून निघालेल्या वायरी, कमरेला डबी. आंघोळ बंद. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या तेव्हा खालची कातडी लाल झालेली. आजोबा मला म्हणाले, "काय गं, एवढं इंजिनीअरिंग शिकताय, हे सगळं माझ्या बंडीतच शिवून देता येत नाही का तुम्हाला?"

देता येतं की! जगात बऱ्याच प्रयोगशाळांनी कापडाचे ईसीजी इलेक्ट्रोड करून दाखवले आहेत. अडचण एवढीच, की आजोबांची बंडी रोज धुतली जाते. तीही नाजूक हाताने नव्हे. साबण, ब्रश, दगडावर दोन-चार धोपटे, मग करकचून पिळून दोरीवर. त्या धुण्यातून टिकेल तेच खरं.

कापूस वीज का नाकारतो?

कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. ग्लुकोजची हजारो एककं एकापुढे एक जोडलेली लांबच लांब साखळी. यातले इलेक्ट्रॉन बंधांमध्ये अडकलेले असतात. तांब्यासारखे मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून वीज वाहत नाही.

पण या साखळीत आपल्या कामाची एक गोष्ट आहे. प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांना आपण हुक म्हणू. कापसाला जे काही पक्कं बांधायचं असेल, मग तो रंग असो की धातू, ते या हुकांनाच बांधावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट रचनेची. कापसाचा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाडीचा आणि जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांब असतो. तो गोल तारेसारखा नसतो, पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा असतो. असे असंख्य तंतू एकत्र कातून सूत होतं. म्हणजे बाहीएवढं अंतर कापायचं तर विजेला एका तंतूवरून दुसऱ्यावर अनेक उड्या माराव्या लागतात. तंतू एकमेकांना किती घट्ट टेकले आहेत यावर रेझिस्टन्स ठरतो. कापड ताणलं, दुमडलं की तो बदलतो.

वीज वाहवण्याच्या तीन वाटा

पहिली वाट धातूच्या धाग्याची. ही आपल्या घरच्या कपाटातच आहे. पैठणीची अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे वाहक धागाच झाला! एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी १९९७ च्या सुमारास कापडावर सर्किट केली, तेव्हा धातू गुंडाळलेल्या धाग्याचं रेशमी ऑर्गन्झा कापड वापरलं. असं कापड भारतात कितीतरी आधीपासून विणलं जात होतं. या वाटेने रेझिस्टन्स कमी मिळतो. पण धातू आणि कापूस सारखे ताणले जात नाहीत, पुन्हा पुन्हा वाकून तार तुटते, आणि रोजच्या बंडीत ती टोचते.

दुसरी वाट वाहक पॉलिमरची. प्लॅस्टिकमधूनही वीज वाहू शकते हे १९७७ मध्ये दाखवून दिल्याबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पायरोल नावाच्या द्रवात कापड बुडवून त्यात फेरिक क्लोराइड घातलं, की तंतूंवरच काळं पॉलिपायरोल तयार होतं. बादली आणि हातमोजे असले की झालं. मात्र ही अभिक्रिया आम्लात होते आणि आम्लात सेल्युलोजची साखळी तुटते, म्हणून जास्त वेळ ठेवलं तर कापड कमकुवत होतं.

तिसरी वाट शाईची. यात कार्बन नॅनोट्यूब, ग्राफीन किंवा चांदीच्या नॅनोतारा पाण्यात मिसळून कापड त्यात बुचकळतात. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठात निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने साध्या सुती धाग्यावर नॅनोट्यूब चढवले. २०१० मध्ये स्टॅनफर्डला यी कुई यांच्या गटाने सुती कापड नॅनोट्यूबच्या शाईत रंगवतात तसं रंगवलं आणि शीट रेझिस्टन्स दर चौकोनाला १ ओहमच्या खाली आणला.

थोडी आकडेमोड

'दर चौकोनाला' म्हणजे काय? पातळ थराचा रेझिस्टन्स चौकोनांत मोजतात. पट्टीची लांबी भागिले रुंदी केलं की किती चौकोन ते कळतं. त्याला शीट रेझिस्टन्सने गुणायचं, झालं.

समजा कापडावर १० सेमी लांब आणि ५ मिमी रुंद अशा दोन पट्ट्या आहेत, एक वीज जायची आणि एक परतीची. प्रत्येकीत २० चौकोन. शीट रेझिस्टन्स १ ओहम असेल तर दोन्ही मिळून ४० ओहम. ३ व्होल्टचा सेल आणि सुमारे २ व्होल्ट घेणारा लाल एलईडी धरला, तर उरलेल्या १ व्होल्टवर हिशोबाने २५ मिलिअँपिअर मिळतात. दिवा झकास लागतो. आता धुण्यानंतर शीट रेझिस्टन्स ५० ओहम झाला असं धरा. एकूण २००० ओहम. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास. दिवा मिणमिणतो.

ईसीजीचं गणित वेगळं आहे. तिथे अँप्लिफायर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे काही हजार ओहमसुद्धा चालून जातात. पण हृदयाचा सिग्नल असतो फक्त १ मिलिव्होल्टच्या घरातला. आजोबा कुशीवर वळले आणि त्या क्षणी पट्टीचा रेझिस्टन्स हलला, तर तो गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणजे बघा, रेझिस्टन्स किती कमी हवा हे कामावर ठरतं. तो स्थिर मात्र सगळ्यांनाच हवा.

धुण्यात नेमकं काय होतं?

एक, कापूस फुगतो. पाण्यात तंतू आडवा फुगतो, वाळला की पुन्हा आवळतो. त्याच्यावरचा धातूचा थर काही फुगत नाही. दरवेळी थोडी थोडी भेग पडत जाते.

दोन, घासणं. मशीनमध्ये कापडावर कापड घासतं, आपल्याकडे ब्रश आणि दगड. तंतूचा उंचवट्याचा भाग आधी झिजतो, आणि नेमका तिथेच तंतू तंतूला टेकलेला असतो.

तीन, साबण. साबणाचं कामच मुळी कापडावरचे कण सोडवून पाण्यात नेणं. आपला महागडा नॅनोट्यूब आणि चुलीची काजळी यांत साबण फरक करत नाही! गंमत म्हणजे नॅनोट्यूबची शाई करताना ते पाण्यात मिसळावेत म्हणून साबणाच्याच जातीचं रसायन वापरतात. म्हणजे ज्याने चढवलं तोच उतरवायला येतो. शिवाय डिटर्जंट अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत पॉलिपायरोलची वाहकता कमी होते.

चार, घाम. घामात मीठ असतं. मिठातल्या क्लोराइडमुळे चांदी आणि तांबं दोन्ही खराब होतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, हे तर प्रत्येक घरात पैंजणांवरून माहीत आहे.

हे सगळं हळूहळू होत असेल तर दिवा अचानक का विझतो? याचं कारण म्हणजे पर्कोलेशन. नॅनोतारांचा थर हे एक जाळं असतं. कोकणात पावसाळ्यात ओढ्यांवरचे साकव वाहून जातात ना, तसं समजा. दोन साकव गेले तरी लोक वळसा घालून बाजारात पोचतात. आणखी एक-दोन गेले, तरी पोचतात. मग एक असा साकव जातो, की गावच तुटतं. जाळ्याचंही तसंच. बरेच दिवस काही जाणवत नाही आणि एका धुण्यात रेझिस्टन्स एकदम उसळतो. म्हणून एकदा धुऊन चाललं यावर भरवसा ठेवायचा नसतो.

रंगाऱ्यांकडून शिकण्यासारखं

मी ई अँड टीसीची, माझी रूममेट टेक्स्टाईलची. हे सगळं मी तिला फार मोठा शोध लागल्यासारखं सांगत होते. ती शांतपणे म्हणाली, "अगं, साडी घेताना आई दुकानदाराला काय विचारते? रंग पक्का आहे ना? हाच प्रश्न आहे तुझा."

खरंच हाच प्रश्न आहे, आणि तो हजारो वर्षं जुना आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता, मंजिष्ठेने लाल रंगवलेला. गुलाटी आणि टर्नर यांनी १९२० च्या दशकात त्याची तपासणी केली ती मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. १९२४ मध्ये सुरू झालेली ही प्रयोगशाळा म्हणजे आजची सिरकॉट. भांड्याच्या धातूच्या क्षारांमुळे तो तुकडा कुजण्यापासून वाचला होता. कापूस आणि चांदीची गाठ अशी जुनी आहे!

मंजिष्ठेचा रंग कापसाला नुसता लावला तर धुण्यात जातो. त्यावर आपल्या रंगाऱ्यांनी युक्ती काढली. आधी कापड हिरड्याच्या काढ्यात बुडवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, मग रंगात. हिरड्यातलं टॅनिन कापसाला धरतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला धरतं आणि रंग ॲल्युमिनियमला धरतो. म्हणजे रंग कापसावर थापलेला नसतो, मधल्या दोघांच्या मदतीने बांधलेला असतो. पुढे १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. त्यांनी तर मधला माणूसच काढून टाकला, रंगाचा रेणू थेट सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी रासायनिक बंधाने जोडला. तेच ते हुक!

याच विचाराने वाहक कापूस

मला सर्वांत आवडलेलं उदाहरण २०१० चं आहे. हाँगकाँग पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीच्या झेंग झीजियान यांच्या गटाने, केंब्रिजच्या विल्हेल्म हुक यांच्या सहभागाने, सुती धाग्यावर तांबं चढवलं. त्यांनी ते थापलं नाही. आधी सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलवरून पॉलिमरच्या साखळ्या उगवल्या, ब्रशच्या केसांसारख्या. प्रत्येक केसाचं एक टोक कापसाला पक्कं बांधलेलं. या साखळ्यांवर धन भार असतो. मग धागा पॅलॅडियमच्या क्षारात बुडवला. त्यातले ऋण भाराचे आयन धन भाराच्या साखळ्यांत जाऊन बसले. शेवटी तांब्याच्या द्रावणात बुडवल्यावर पॅलॅडियमच्या कणांभोवती तांबं जमू लागलं. याला करंट लागत नाही, म्हणून हे इलेक्ट्रोलेस प्लेटिंग.

आता शेजारी शेजारी मांडून बघा. हिरड्याच्या जागी पॉलिमर, तुरटीच्या जागी पॅलॅडियम, मंजिष्ठेच्या जागी तांबं. तीच तीन पायऱ्यांची शिडी! धातू पॉलिमरच्या केसांत गुंतून वाढल्यामुळे असा धागा वाकवणं, घासणं, धुणं हे सगळं चांगलं सोसतो.

मग हे घरोघरी का नाही? पॅलॅडियम महाग आहे. साखळ्या उगवण्याची रीत प्रयोगशाळेत सोपी, गिरणीत किचकट. शिवाय उघडं तांबं ऑक्सिडाइज होतं, त्यावर संरक्षक थर हवा. पॉलियुरेथेन किंवा सिलिकोनचा थर दिला की पाणी आत जात नाही, पण घामही टिपला जात नाही. मग सुती कापड घेतलं कशाला? म्हणून शहाणपणाचा मार्ग म्हणजे फक्त सर्किटच्या रेघेवर थर द्यायचा, बाकी कापड मोकळं ठेवायचं.

आणखी एक जागा म्हणजे जोड. मऊ कापड जिथे कडक सर्किटला भेटतं, तिथे सगळा ताण गोळा होतो आणि तिथेच तुटतं. कापडावर सोल्डरिंग करायला गेलात तर करपून जाईल. याला साधा उपाय म्हणजे टिच बटण. ईसीजीच्या चिकट पट्टीवरही तशीच टिचकी असते. धुताना सर्किट काढून ठेवायचं, कपडा धुवायचा, पुन्हा लावायचं.

एका जॅकेटची गोष्ट

मोठ्या कंपन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. गुगलने २०१५ मध्ये 'प्रोजेक्ट जॅकार्ड' जाहीर केला. धातूचा बारीक गाभा असलेलं सूत साध्या मागावर विणायचं अशी कल्पना. २०१७ मध्ये लिव्हाइसबरोबर डेनिमचं जॅकेट आलं. बाहीच्या टोकावर हात फिरवला की फोनवरचं गाणं बदलायचं. किंमत ३५० डॉलर. इलेक्ट्रॉनिक्सची चिप काढून ठेवता यायची, तरी जॅकेट साधारण दहा धुण्यांपुरतंच असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं होतं. २०२३ मध्ये त्याचं ॲपच बंद झालं.

जॅकेट क्वचित धुतलं जातं, म्हणून दहा धुणी खपून गेली. बंडीला दहा धुणी म्हणजे दहा दिवस! जीन्सचा रंग उडाला तर ती फॅशन असते, वायरिंग उडालं तर तो कचरा. आणि तोही साधा नाही. निघून गेलेली चांदी आणि नॅनोकण मोरीतून शेवटी नदीतच जातात.

आपल्या प्रोजेक्टमध्ये काय करता येईल?

वाहक कापडावर कोणी मिनी-प्रोजेक्ट करत असेल, तर एवढं जरूर करा. यातलं काहीच महाग नाही.

१. एकाच कापडाच्या निदान पाच पट्ट्या घ्या. एकीवर काहीच चढवू नका, ती तुलनेसाठी.

२. रेझिस्टन्स मोजताना चार वायरींची पद्धत वापरा. साध्या मल्टिमीटरच्या दोन टोकांनी मोजलं, तर टोक कापडाला किती दाबलंय त्यावर आकडा बदलतो.

३. धुतल्यावर पट्टी पूर्ण वाळू द्या. ओला साधा कापूससुद्धा पाण्यातल्या क्षारांमुळे थोडी वीज वाहतो. ओल्या पट्टीवर घेतलेला चांगला आकडा फसवा असतो. तुलनेची पट्टी इथेच कामाला येते.

४. पहिल्या, पाचव्या, दहाव्या, विसाव्या धुण्यानंतर मोजा. दर वेळचा रेझिस्टन्स भागिले सुरुवातीचा रेझिस्टन्स, असा आलेख काढा. तो जितका आडवा तितकं कापड पक्कं.

५. कसं धुतलं ते लिहा. साबण, पाण्याचं तापमान, किती वेळ, पिळलं की नाही. टेक्स्टाईलवाल्यांकडे यासाठी ठरलेल्या चाचण्या आहेत. त्यातल्या एएटीसीसी ६१ मध्ये कापड पोलादी गोळ्यांबरोबर ४५ मिनिटं घुसळतात आणि ते साधारण पाच घरगुती धुण्यांबरोबर धरतात. शक्य असेल तर त्या डिपार्टमेंटची मदत घ्या. नाहीतर हॉस्टेलची बादली आहेच. फक्त प्रत्येक वेळी सारखंच धुवा.

६. वाकवून, दुमडूनही मोजा. पिळताना कापडाला सर्वांत वाईट घडी पडते, ती विसरू नका.

हे करायला एक सेमिस्टर पुरतं आणि लॅबमध्ये त्याला टाळ्या मिळत नाहीत, हे खरं आहे. पण आपल्याकडे यासाठी लागणारं सगळं आहे. कापूस आपल्याच विदर्भ-खानदेशात पिकतो, इचलकरंजीला माग आहेत, माटुंग्याला शंभर वर्षांची प्रयोगशाळा आहे आणि कापडावर रंग पक्का बसवण्याची विद्या या देशात हिरड्या-तुरटीच्या काळापासून आहे. कमी आहे ती इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आणि टेक्स्टाईलवाल्यांनी एका बाकावर बसण्याची. आपल्या कॉलेजात तर मध्ये फक्त एक जिना आहे.

तेव्हा पुढच्या फेस्टला कुणाच्या टी-शर्टवर दिवे लागलेले दिसले, की टाळ्या जरूर वाजवा. आणि मग दुकानात आई विचारते तसं, न लाजता विचारा : "पक्कं आहे ना? किती धुण्यांचा आलेख आहे, दाखवा बरं!"